जाड आवाजाची चांदी

नांदूरघाटात गहिनीनाथ तात्यांना आता मेंढरांपेक्षा मशीनवरून जास्त ओळखतात. मागं त्यांची दुभती म्हैस वैरणीतली तार खाऊन मेली. तेव्हा बीडला रिक्षा चालवणाऱ्या मुलाकडून, सोमनाथकडून, तात्यांनी मातीतला धातू ओळखणारं एक जुनं मशीन मागवलं. काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती, मुठीजवळ लहानसा पडदा आणि भोंगा. वैरण टाकायच्या आधी ते गोठ्यापुढची जागा या चकतीनं झाडल्यासारखी बघून घेतात.

पारावर कुणीतरी म्हणालंच, "तात्या, गुप्तधन हुडकताय व्हय?"

"घावलं तर एक हंडा तुला बी देतो, बे. आधी तुझ्या म्हशीच्या वैरणीतली तार तर काढू दे."

पुढं कुणाचं जोडवं हरवलं, कुणाचं पैंजण हरवलं, की तात्यांना बोलावणं जाऊ लागलं. तेही न कुरकुरता जायचे.

यंदा मुगाच्या शेंगा तोडताना आमच्या शेजारच्या शिवकांताकाकूंच्या गळ्यातला दोरा तुटला. त्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. घरी येऊन हातपाय धुताना त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा दिवस मावळला होता. काकू सकाळी लिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. आता पूजेला लिंगच नाही. मग अन्न नाही, पाणी नाही, साखरेच्या आजाराची गोळीही नाही.

मुलगा सिद्धाराम दुकान बंद करून समजावत बसला. "आई, स्वामींना बोलावतो. विधी करून नवं घेऊ."

"आणि माझं मातीत पडू दे? नांगराखाली येऊ दे?" एवढं बोलून काकूंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची सून वर्षाराणी आणि मी तात्यांना घेऊन शेतात गेलो. रान गावालगतचं. पूर्वी तिथं बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकायचे, त्यामुळं मातीत पत्र्यांचे तुकडे आणि खिळे पेरल्यासारखे पडलेले. सोमनाथनं मशीन लावून दिलं होतं ते असं : लोखंडावर गेलं की जाड घुर्रर्र, चांदीवर गेलं की बारीक टिणटिण. तात्या सरीसरीनं फिरू लागले. घुर्रर्र आलं की थांबायचे, "लोखंड" म्हणायचे, पुढं जायचे. मधूनच टिणटिण ऐकू येई, पण तात्या तिथं थांबतच नव्हते. मला वाटलं, असेल काही पुडीचा चकचकीत कागद, तात्यांना कळत असणार.

ऊन चढलं. तात्या बांधावर येऊन बसले. "न्हाई घावत. कुणीतरी उचलली असंल," म्हणाले. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिनं मशीन हातात घेऊन पाहिलं. पण खिळ्यांच्या घुरघुरीत तिला एक आवाज दुसऱ्यापासून निवडता येईना. पाच-सहा पावलांत ती रडकुंडीला आली. त्या गोंधळात एक टिणटिण स्पष्ट वाजली, पण चकती पुढं सरकली आणि नेमकी जागा कळली नाही. मी तात्यांकडं पाहिलं. ते शांतपणे पायातला काटा काढत होते.

कसं विचारावं, ते मला सुचेना. तेवढ्यात भाकरी घेऊन तात्यांच्या बायको भामाबाई आल्या आणि माझं काम सोपं झालं.

"सूनबाई, ह्यांच्या कानाला हल्ली बारीक आवाज लागतच न्हाई," त्या मला म्हणाल्या. "कोकराच्या गळ्यातली घंटी मुकी झाली म्हणून दुसरी आणली, मग तिसरी आणली. घंटी वाजत हुती, कान मुके झालते. पर कबूल करतील तर शपथ!"

"तुझा आवाज तर येतो की मला."

"माझा भोंगा जाडच हाय!"

तात्या हसले नाहीत. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजी मी तिच्यावरून चालत गेलो असंन." त्यांनी भाकरी परत फडक्यात बांधली. "सूनबाई, ह्यात इंग्रजी लिवलंय. आवाज बारीक-जाड करता येतो का, बघ बरं."

त्या जुन्या मशीनला एखादा धातू गप्प करता येत नाही, पण कुठल्या धातूला कुठला आवाज, ते ठरवता येतं. भामाबाईंनी पायातलं जोडवं काढून मातीत ठेवलं. मी चांदीचा आवाज एकेक पायरी खाली आणत गेले. तात्या चकती फिरवत मान हलवायचे, न्हाई, न्हाई. आणि मग एकदम, "आला! म्होरक्या मेंढ्याच्या घंटीगत आला!"

"आणि लोखंडाला कुठला ठेवू?"

"ते वर ने. लई वर. कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई ना मला? तिच्या बी वर. खिळे काय वरडायचे ते वरडू द्या, मी घरात न्हाई."

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. प्रत्येक खिळ्यावर मशीन किंचाळायला लागलं. वर्षाराणीनं कानात बोटं घातली, भामाबाई पदर डोक्यावरून ओढून लांब जाऊन बसल्या. आणि त्या कलकलाटातून तात्या चालले होते, रिकाम्या माळावर चालावं तसे निवांत.

वेलांच्या एका ढिगाजवळ मशीन गंभीर घुमलं. तात्या थांबले, मागं आले, परत घुमलं. पण ते खाली वाकले नाहीत. "वर्षाराणी, तू काढ. तुमच्या देवाला माझा मातीचा हात नगं." तिनं ओल्या मातीत बोटं घातली. डबी निघाली, तुटक्या दोऱ्यासकट.

काकूंनी आंघोळ केली, लिंग धुतलं, विभूती लावली, पूजा केली. मग आधी पाणी, मग दूध-भाकरीचा घास. वर्षाराणी गोळी हातात घेऊन उभीच होती. तात्या ओट्यावर बसून चहाची वाट बघत होते. काकूंनी त्यांना हात जोडले आणि त्या क्षीण, बारीक आवाजात म्हणाल्या, "शरणार्थ, गहिनीनाथ. तू जेवलास का?"

तात्या अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत राहिले. काकूंनी परत, ओरडून विचारलं. तात्यांनी मान वळवली.

"वैनी, उपाशी जिवाला वरडू नगा," ते म्हणाले. "हळूच बोला, पर जाड बोला. मशीनला जमलं, तुमाला का न्हाई जमायचं?"

काकूंनी घसा खाकरला आणि पाटलासारखा आवाज काढून विचारलं, "जेवलास का रे?"

"न्हाई, वाढा," तात्या म्हणाले, आणि त्यांनी चप्पल काढली.