बार्नीसाहेब कधी पडले नाहीत

डॉक्टरांनी दवाखान्याच्या फरशीवर चुन्याची रेघ मारली आणि बार्नीसाहेबांना तिच्यावरून चालायला सांगितलं. साहेब तीन पावलं नीट चालले. चौथं पाऊल भलतीकडेच पडलं आणि ते भिंतीला जाऊन टेकले. मग वळून आमच्याकडे पाहून हसले. डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पॅरालिसिस एजिटन्ससारखं दिसतंय." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याचा अर्थ कंपवात, हातापायांना आपोआप थरथर सुटते आणि चाल बिघडते. "पण एवढंच न्हाई," डॉक्टर पुढे म्हणाले. "बुद्धीपण उतरू लागली हाय. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसून आतला मेंदू दुखावलाय. ह्याला आमच्या किताबात अजून नाव न्हाई, आन् औषधपण न्हाई."

ज्याच्या घरात ठोसे मारणारं, मार खाणारं माणूस असेल त्याने हे वाचावं. मला कुणी आधी सांगितलं नाही म्हणून मी लिहून ठेवतोय.

बार्नीसाहेब आयर्लंडचे. तिकडे खाटकाच्या दुकानात काम करता करता मुष्टियुद्ध शिकले आणि साऱ्या देशात पहिले आले. पुढे पलटणीत भरती होऊन सिकंदराबादेला आले, तिथेही त्यांना कुणी हरवलं नाही. नोकरी संपल्यावर आमच्या भागातल्या एका जहागीरदारांनी त्यांना हौसेने ठेवून घेतलं. घाटनांदुराजवळ जहागीरदारांची तालीम होती. आमचे पैलवान मातीत घुमायचे आणि शेजारी साहेब आम्हा पाचसहा जणांना ठोसे शिकवायचे. मी त्यांचा पहिला चेला, नंतर स्वयंपाकी, आणि शेवटी त्यांचा सगळा सांभाळ माझ्याकडेच आला.

साहेबांचा अभिमान एकच होता. सतरा वर्षं लढले, पण जमिनीला पाठ सोडाच, गुडघासुद्धा टेकला नाही. "मारने दो, खडे रहो," एवढंच ते शिकवायचे.

आणि इथे आम्ही आमची अक्कल वापरली. कुस्तीत पैलवानाचा कान मोडतो, सुजतो आणि कडक होतो. तो मोडका कान म्हणजे तालमीतला दागिना. मग आम्हाला वाटलं, कान कडक होतो तसं डोकंही होत असणार. रोज सकाळी जोर-बैठका झाल्या की आम्ही समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोक्यावर पंचवीस-पंचवीस ठोसे मारायचो. साहेबांनी हे सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही. माझा धाकटा भाऊ दगडू अठरा वर्षांचा होऊन तालमीत आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे ठोसे मीच मोजायचो. त्याने ठोसा चुकवला तर पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांचं पहिलं लक्षण आम्ही ओळखलं नाही. ते डावा पाय घासत चालू लागले, बोलणं जड झालं. गावाने ठरवून टाकलं की गोरा दारू प्यायला लागला. मलाही तेच वाटलं. त्यांची खोली मी तीनदा धुंडाळली. बाटली सापडली नाही, तर मी उलट चिडलो, की साहेब माझ्यापासून लपवतात. एकदा तोंडावर बोललोही. ते चहाची कपबशी ठेवायला गेले आणि ती मेजाच्या कडेवरून खाली गेली. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

मग दमणीला बैल जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस आम्ही व्हरांड्यात बसून होतो. तापाचे, विंचू चावलेले, अडलेल्या बाया, सगळे आमच्या आधी आत जायचे. साहेबांना घाई नव्हती. त्यांना वाटत होतं आपण लढतीसाठी थांबलोय. दर थोड्या वेळाने विचारायचे, "अपना नंबर कब?" डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाय किती उडतो ते पाहिलं, अंगठा एकेका बोटाला लावायला सांगितला. मग ती रेघ.

मी डॉक्टरांना म्हणालो, "पण साहेब कधी पडले न्हाईत, डॉक्टरसाहेब. एकदाबी न्हाई."

ते हातमोजे उतरवत म्हणाले, "तेच तर. पडला असता तर तेवढा मार तरी चुकला असता. जो उभा ऱ्हातो तो जास्ती खातो."

मी विचारलं, "लढणं सोडून तर धा वर्षं झाली की त्यास्नी."

"मार त्या वक्ताचा, बीमारी आत्ताची. धा वर्षांनी येती, कधी पंधरांनी. कुणाला येती, कुणाला न्हाई. कुणाला येणार ते आधी सांगता येत न्हाई."

परतीच्या वाटेवर साहेब दमणीत झोपले होते आणि माझ्या डोक्यात दगडूच्या डोक्यावरचे ठोसे सुरू होते. पंचवीस रोज, चार वर्षं. मोजणारा मी.

घरी गेल्या गेल्या त्याला सांगितलं, हे सोड. तो तेव्हा बावीस वर्षांचा, अंगात रग. औरंगाबादच्या छावणीतल्या एका नामी गड्याशी त्याची लढत ठरली होती. तो हसला. "दादा, साहेब म्हातारा झालाय म्हून लटपटतोय. मी लई घट हाय. आजवर एकदाबी पडलो न्हाई." ते शेवटचं वाक्य ऐकून मी तसाच उठलो. जहागीरदारांकडे गेलो, तर ते म्हणाले लढत होणार. जाहीर झालंय, हैदराबादेहून पाहुणे येणार आहेत.

लढतीच्या दिवशी चार मेढी रोवून दोर बांधले होते. दगडू जिंकत होता, हे आधी सांगतो. समोरचा गडी मागे हटत होता आणि लोक शिट्ट्या मारत होते. पण एक ठोसा मारायला दगडू तीन डोक्यावर घेत होता, शिकवल्याप्रमाणे, उभा राहून. चौथ्या फेरीत त्याच्या कानशिलावर एक बसला आणि तो क्षणभर भलत्याच दिशेला बघत राहिला, कुणी हाक मारल्यासारखा. मग पुन्हा भिडला. तो क्षण बाकी कुणी पाहिला नाही.

गुरूने किंवा सोबत्याने टॉवेल आत टाकला की हार कबूल, असा त्या खेळाचा नियम. माझ्याकडे टॉवेल नव्हता. मी डोक्यावरचा फेटा काढून दोरांच्या आत फेकला.

जिंकत आलेली लढत मी घालवली. चार माणसांत मी बोडका उभा होतो आणि दगडू माझ्याकडे बघत होता. "कावून?" एवढंच म्हणाला. जहागीरदारांनी मला तालमीची पायरी बंद केली. दगडूही पुन्हा तिथे गेला नाही, शरमेने. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण पस्तावलो नाही.

साहेब पुढे चौदा महिने जगले. शेवटी शेवटी खाटेवरून खाली यायचे. मी धावत जायचो तर जमिनीवर पडल्या पडल्या विचारायचे, "मैं गिरा क्या?"

"नहीं साहब," मी म्हणायचो, "बैठे आप." मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मी कण्या भरवायचो, ते आणखी एकदा विचारायचे. त्यांच्यामुळे मला पोट भरायला मिळालं, आणि दगडूला त्या दोरांतून बाहेर ओढायची बुद्धीही त्यांच्याच आजाराने दिली. ते ऋण मी मानतो. त्या डॉक्टरांचंही, ज्यांनी खरं ते सांगितलं.

आता दगडू तेहतीस वर्षांचा आहे. शेती करतो, दोन लेकरं आहेत, माझ्याशी बोलतो. लढत सोडून अकरा वर्षं झाली. डॉक्टरांचा हिशेब मला पाठ आहे. रोज सकाळी तो अंगणातून विहिरीकडे निघाला की मी ओसरीवर बसून त्याचे पाय बघतो.

परवा तो मध्येच थांबला. "दादा, रोज माज्या पायाकडं काय बगतूस?"

"काय न्हाई. वहाणा झिजल्या तुज्या," मी म्हणालो.

बाजारच्या दिवशी त्याने नव्या वहाणा आणल्या. अंगणात आला आणि मला दाखवायला म्हणून दारापर्यंत चालत गेला, वळला, परत आला. मी एकेक पाऊल बघत होतो.

"कशा हायत?"

"चांगल्या हायत," मी म्हणालो. "अजून एकदा चाल."