चहा टाकायची खूण

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. अंबडला एका कारखान्यात क्वालिटी तपासतो. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. ह्या पानावरचे लोकांचे अनुभव वाचून बायकोजवळ टिंगलही केलीय... तरी लिहितोय, कारण हे माझ्या आईच्या बाबतीत, माझ्यासमोर, भर दुपारी घडलं.

माझे वडील तांबट. जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये खाली दुकान, वर आम्ही. हंडे, कळश्या, बंब — दिवसभर ठोकाठोकी. त्या गोंगाटात खालून मारलेली हाक वर कशी पोचणार? म्हणून बाबांची एक खूण होती. रिकाम्या ऐरणीवर ठण-ठण... आणि जरा थांबून, ठण! म्हणजे चहा टाक. आई वरून ओरडायची, "आले हो, टाकते!"

त्या ठोक्यांनीच पुढे आईचे कान गेले. कानात मशीन लावलं तर ऐकू यायचं, नाहीतर शेजारी ढोल वाजवा. बाबा गेले तेव्हा दहाव्याला रामकुंडावर तिने चहा सोडला. मशीनही डबीत घालून कपाटात ठेवलं. म्हणाली, "आता ऐकण्यासारखं काय राहिलंय?" इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसती खिडकीशी बसून राहायची. आई डोळ्यांदेखत हातातून निसटत होती आणि मला खरंच भीती वाटायची.

गेल्या वर्षी आमचा मित्रमंडळींचा ग्रुप चीनला फिरायला निघाला, तर तिलाही नेलं. "म्हातारीला काशी दाखवायची सोडून चीन?" इति आमची मावशी.

तिथे पिंगयाओ म्हणून गाव आहे. तटबंदीच्या आत जुनं शहर जसंच्या तसं — करड्या विटांची घरं, घासून गुळगुळीत झालेले दगड, दारोदारी लाल कंदील. आमचं दुकान पाडून तिथे मोबाईलचं शोरूम झालंय... हे लोक कसं जपतात!

दुपारी मी फोटो काढत होतो. आई मागे एका पायरीवर बसलेली. मशीन अर्थातच नाशकात, कपाटात. एकदम तिचा आवाज आला, खणखणीत —

"आले हो, टाकते!"

मी वळलो तर ती उठून चालायला लागलेली. गुडघे दुखतात म्हणून सकाळपासून कुरकुरणारी बाई! दोन बोळ वळून एका बंद दारापुढे थांबली. कुलूप गंजलेलं. दाराला हात लावून म्हणाली, "ठोके थांबले बघ आता. तुला नाही ऐकू आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

समोरच्या खाणावळीतल्या बाईंना मोबाईलवरच्या भाषांतराने विचारलं, इथे काय होतं? त्या म्हणाल्या, तांब्याची भांडी घडवणारा म्हातारा होता. तो गेला, दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली.

माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र खाणावळीत शिरून खुणेनेच दूध मागत होती. आमच्या पिशवीतली चहापूड काढून तिने स्वतः चहा केला. आणि प्यायली... बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी तिथेच सगळ्यांसमोर रडलो.

घरी आल्याआल्या तिने मशीन कानात घातलं. आता बोलते, भांडते, माझ्या चहात साखर जास्त म्हणून सुनेला ओरडते.

डॉक्टर म्हणाले, बहिऱ्या कानात असे भास होतात. होत असतील. पण भास माणसाला परक्या गावात नेमका तांबटाच्या दारात नेऊन उभा करतो का?

मला सलतं ते वेगळंच. माझे कान ठणठणीत आहेत. त्या दारापाशी मी आईला खेटून उभा होतो, आणि बाबांचा एक ठोकासुद्धा माझ्या वाट्याला आला नाही... हल्ली संध्याकाळी आई चहा टाकायला उठली की मी टीव्ही बंद करतो आणि जरा वेळ कान देऊन बसतो.