दोन खांद्यांची दोन मापं

आमच्या तीर्थपुरीत बाईचं माप अंगावर घेत नाहीत. शिंप्याकडे नवं कापड जातं आणि त्याच्याबरोबर नीट बसणारा एक जुना ब्लाउज जातो. त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. शिंपी तो टेबलावर पसरून मोजतो, नव्या कापडाची दुहेरी घडी घालतो आणि एकदाच कात्री चालवून दोन्ही बाजू कापतो. बाई समोर असायची गरजच नसते. तिच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे धरूनच सगळं चालतं.

माझ्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. शाळेत असताना माझा पाठीचा कणा एका बाजूला वळत गेला. डावा खांदा खाली आला, उजव्या खांद्यामागचं हाड बाहेर आलं. जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? दुखत नव्हतं. मग राहू द्या म्हणाले. शिंप्यानं मात्र इलाज काढला. डाव्या खांद्यात आतून स्पंजचा पॅड. माझ्या प्रत्येक ड्रेसला, प्रत्येक ब्लाउजला एकच पॅड असायचा. उन्हाळ्यात तो घामानं भिजून जड व्हायचा आणि मी तो काही केल्या कुणाला दिसू द्यायची नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील ऊसतोड कामगारांच्या सभांची पत्रकं वाटायचे. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात गठ्ठे यायचे आणि मी त्यांच्यावर बसून अभ्यास करायची. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द असावा. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. मजुरीवर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, पाण्यावर लिहिलं. स्वतःच्या खांद्यातल्या स्पंजवर एक ओळ लिहिली नाही.

त्याच कामात तो भेटला. राजूरचा. बोलायला तडफदार, लिहायला माझ्यापेक्षा चांगला. मुलगी पाहण्याचे कार्यक्रम बंद करा, असं पत्रक त्यानं लिहिलं होतं आणि त्याचं मुद्रितशोधन मी केलं होतं. पोरीला चालून दाखव, केस मोकळे करून दाखव म्हणणाऱ्यांना त्यानं त्यात असं काही झोडपलं होतं की एका चुकीवर बोट ठेवून मी पुढच्या चुका शोधायचंच विसरले. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मला त्या पत्रकाशीच लग्न करतेय असं वाटलं.

"घरी ये एकदा आईसोबत," तो म्हणाला. "बघायचा कार्यक्रम न्हाई बरं का. नुसता चहा."

मी तेव्हाच ठरवलं, त्या घरात पाऊल टाकायचं ते पॅड न घालता. ठरलं तर ह्या अंगासकट ठरू दे. पण माझ्या अंगाला बसेल असा एकही ब्लाउज माझ्याकडे नव्हता. पॅड उसवला की डावीकडे कापड लोंबायचं आणि मागचा गळा उघडा पडायचा. म्हणून मी अंबडला एका बाईंच्या शिवणक्लासला जाऊ लागले.

"मापाचा ब्लाउज आणलास?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. अंगावरच घ्यायचंय माप."

मागे दोघी-तिघी हसल्या.

"हसा," बाई म्हणाल्या. "तिचं झालं की तुमचंच घेणार हाय. पोट आत ओढून उभं राह्यलात तर शिवून झाल्यावर तुम्हीच रडणार."

त्यांनी माझ्या कमरेला एक नाडी बांधली. मानेपासून नाडीपर्यंत, खांद्याच्या टोकापासून नाडीपर्यंत, पुढून आणि मागून. आधी उजवीकडे. मग न विचारता डावीकडे. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. खांद्याच्या टोकाच्या मापात दीड इंचाचा फरक होता. मला वाटलं आता चुकचुकतील. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "तुला कागद दोन लागतील. घडी विसरून जा."

पुढच्या कितीतरी दुपारी मी जमिनीवर पालथी पडून रेघा मारल्या. खाकी कागद महाग पडायचा, म्हणून घरातली जुनी भित्तिपत्रकं उलटी करून घेतली. आधी काटकोनात दोन रेघा, मग गळा, मग खांद्याचा उतार, मग मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात ती गोलाई. उजवी बाजू एका कागदावर, डावी दुसऱ्यावर. टेप स्वतःच्या पाठीवर धरता येत नाही, म्हणून आईला हाताशी घ्यायची. ती माप सांगताना आवाज बारीक करायची, शेजारी ऐकतील म्हणून.

पहिला ब्लाउज मांजरपाटाच्या स्वस्त कापडावर शिवून पाहिला तर डावा हात वर जाईना. काखेत कापड रुतत होतं. मी डावा खांदा खाली घेतला होता, पण मुंढ्याचा तळ उजव्याइतकाच वर ठेवला होता.

"खांदा खाली आला तर काख कुठं जाईल?" बाईंनी विचारलं. "का ती वरच टांगून ठेवलीस?"

सगळा क्लास हसला. मीही हसले. मुंढा दीड इंच खाली घेतला, पुन्हा शिवला, आणि या वेळी तो बसला. मागे कुठं ओढ नाही, पुढे चुणी नाही, गळा जागच्या जागी. मी आरशासमोर उभी राहिले. ब्लाउज सरळ होता आणि खांदा खाली होता. दोन्ही स्पष्ट दिसत होतं. मला स्वतःचं अंग इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

आईनं मला फिरवून सगळीकडून पाहिलं. "बसलाय चांगला," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण दिसून राह्यलं गं."

"दिसू दे."

"बापावर गेलीस तू," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

राजूरला जायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"एक म्हणू का? रागावू नको. ते पॅडवालं घालून ये ना. फक्त उद्या."

"तू घरी सांगितलं न्हाईस अजून?"

"विषयच निघाला न्हाई. मी सांगतो हळूहळू."

"मी नवा शिवलाय."

"बरं. तुझी मर्जी."

त्याच्या आवाजात नाराजी होती. पण तो घाबरलाय, समोर आल्यावर सावरेल, असं मी स्वतःला समजावलं. मनात त्याची बाजू मांडायला मला एक मिनिटही लागलं नाही.

त्यांचं घर गणपतीच्या देवळामागच्या दुकानांच्या ओळीत होतं. खाली नारळ-प्रसादाचं दुकान, वर दोन खोल्या. त्याची आई मनमोकळी बाई होती. तिनं माझ्या आईला पाठीशी टेकायला लोड दिला, पोहे दिले, मला जवळ बसवलं. शेजारी त्याची आत्या होती.

"ब्लाउज छान बसलाय. कुठं शिवला?" त्याच्या आईनं विचारलं.

"मीच शिवला, काकू."

"बरंय बाई. माझेही घरच्या घरी होतील."

आत्या मात्र मघापासून माझ्या गळ्याजवळ पाहत होती. "खांदा का गं उतरलाय? का बसायची सवय तशी?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी तो बोलला.

"पत्रकांचे गठ्ठे उचलून झालंय ते. दोन-चार महिन्यांत बराबर होऊन जाईल."

"मंग ते गठ्ठे आता त्यालाच उचलू दे," त्याची आई हसत म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पोह्यांतली मिरची बाजूला काढत होता.

"न्हाई, काकू," मी म्हणाले. "कणाच तसा हाय. लहानपणापासून. तो बराबर व्हायचा न्हाई."

त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"एवढं न्हाई माहीत," तो म्हणाला.

त्याला माहीत होतं. जालन्याच्या बसस्टँडवर तो नेहमी माझ्या डाव्या हाताला चालायचा. माझ्या झोळीचा बंद तिकडून घसरायचा आणि तो बोलणं न थांबवता, माझ्याकडे न पाहता तो वर सरकवायचा. दिवसातून कितीतरी वेळा. मी त्यावरच तर भाळले होते.

चहा झाला. ओटीत नारळ पडला. काही ठरलं नाही आणि कुणी वाईटही बोललं नाही. फाट्यावर तो आमच्या मागोमाग आला.

"आईसमोर मला सुचलंच न्हाई," तो म्हणाला. "मी समजावतो तिला. पण तूही थोडं..."

"पॅड घालू?"

"लग्नापुरतं. मंग कुणाचं काय जातंय?"

एसटी आली. आईनं त्याला म्हटलं, "जा बाबा तू घरी. ऊन लागतंय." गाडीत बसल्यावर तिनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "रडायचं तर खिडकीकडं तोंड कर. गावचं कुणी असंल गाडीत." जालना येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मी लग्नाला हो म्हणेना, तेव्हा कामातले मित्र म्हणाले, एका स्पंजासाठी एवढं? लिहिणारे, भाषणं करणारे लोक होते ते. बायकांच्या अंगावरच्या बंधनांवर त्यांनी सभा घेतल्या होत्या. मी त्यांना उलट बोलले, नेहमीसारखी फाडफाड बोलले. पण घरी आल्यावर भाकरीचा घास तोंडात फिरायचा. मी बरोबर होते, हे मला माहीत होतं, आणि तरी त्याचा फोन वाजला की तो थांबेपर्यंत मी जवळच बसून राहायची.

एका दुपारी मी तो उचलला.

"एवढ्याशा गोष्टीवरून तोडणार तू?" तो म्हणाला. "आई तयार हाय आता. फक्त लग्नाच्या दिवशी..."

"तू त्या दिवशी 'माहीत होतं' एवढं म्हणाला असतास," मी म्हणाले, "तर लग्नात मी आपणहून पॅड घातला असता."

पलीकडून दुकानात नारळ फोडल्याचा आवाज आला.

"आता म्हणू का?" त्यानं विचारलं.

"कुणासमोर म्हणणार?"

त्याला उत्तर सुचावं असं मला फार वाटत होतं. मी थांबले. मग कुणीतरी त्याला दुकानातून हाक मारली, तो "आलो" म्हणाला, आणि मी फोन ठेवून दिला.