आवतन आणि बोलावणं

घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा आकाशाची राखण करतो, यावर गावाचा बरीच वर्षं विश्वास नव्हता. मृत्युंजय मोठ्या शहराच्या विमानतळावर रडारच्या पडद्यासमोर बसून विमानांना वाट सांगायचा. त्याची आई नीलम्मा मात्र मुलगा विमानाच्या स्टँडवर कंट्रोलर आहे, एवढंच सांगायची. एसटीमुळे लोकांना ते लगेच समजे.

शहाण्णव साली मृत्युंजय अचानक पंधरा दिवस घरी आला. रजा मिळाली, असं त्यानं आईला सांगितलं. खरं तर चौकशी संपेपर्यंत त्याला पडद्यापासून उठवलं होतं, आणि पुन्हा बसवतील की नाही, हे त्याच्या लेखी जबाबावर ठरणार होतं.

झालं होतं ते असं. आकाशात लष्कराचा एक पट्टा होता. सराव असला की एकोणतीस हजार फुटांच्या वर तो बंद. नव्या खाजगी कंपनीच्या एका विमानाचा मार्ग सकाळी मंजूर झाला, तो त्याच पट्ट्यातून जाणारा. प्रत्यक्ष शिरायच्या वेळी वेगळी परवानगी लागते, हे नियमात होतं. मंजुरी मिळाली म्हणजे वाट मोकळी, असं वैमानिक समजला. परवानगीशिवाय कोण शिरेल, असं मृत्युंजय समजला. दोघंही गप्प राहिले आणि विमान आत गेलं. लढाऊ विमानं बारा मैलांवरून वळवावी लागली. प्रवाशांना यातलं काही कळलं नाही. त्यांना सँडविच मिळालं होतं.

मृत्युंजयनं जबाबाची सहा पानं लिहून आणली होती. त्यात अकरा नियमांचे क्रमांक होते आणि प्रत्येक क्रमांक वैमानिकाकडे बोट दाखवत होता.

त्याच आठवड्यात धाकट्या भावानं, अमरनाथनं, दुकानाशेजारी एसटीडी बूथ टाकला, म्हणून गल्लीला जेवण होतं. सकाळीच घरोघर आवतन गेलं. पण आवतन आलं म्हणून कोणी उठून जात नाही. पानं मांडली की घरचं माणूस दारात येऊन चला म्हणतं, तेव्हा निघायचं. आधी जाणारा हावरा ठरतो.

हे बोलावणं मृत्युंजयकडे दिलं होतं. चार घरं पलीकडे वडिलांचे दोस्त बद्रीनाथ धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले होते. मृत्युंजय पत्रावळी आणायला त्यांच्यासमोरून दोनदा गेला. दोन्ही वेळा हात जोडले. म्हातारा तयार बसलाय, येईलच, असं धरून तो पुढे गेला.

तीन वाजता पंगत उठली, तेव्हा नीलम्मानं विचारलं, बद्रीनाथभाऊ कुठं बसलेत? ते ओट्यावरच बसले होते. टोपीसकट.

मृत्युंजय धावत गेला.

"काका, जेवायला काहून आला न्हाईत?"

"आवतन पोचलं. बोलावणं न्हाई आलं."

"मी दोनदा गेलतो की समोरून. इचारायचं तरी."

"पंगतीला येऊ का म्हणून मी इचारू? तोंड तुला दिलंय का न्हाई?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "घर तुझं, पानं तुझी. बोलायचं तू."

मृत्युंजयनं त्यांना हात धरून नेलं, समोर बसून वाढलं. बद्रीनाथ पाच पुरणपोळ्या जेवले आणि सहावीला नको म्हणाले, ते तिसऱ्यांदा आग्रह होईपर्यंत.

संध्याकाळी मृत्युंजयनं सहा पानं चुलीत घातली. नवा जबाब साडेतीन ओळींचा झाला. नियम मला ठाऊक होता. वैमानिकालाही असेल, असं मी धरून चाललो. ते विमान मला दिसत होतं. थांबा म्हणणं माझं काम होतं, मी म्हणालो नाही.

साहेबाच्या मते असा जबाब देणारा एक तर वेडा असतो किंवा मराठवाड्यातला. मृत्युंजयला तीन महिने कपाटातल्या जुन्या फायली लावायला बसवलं. जबाबाची प्रत वैमानिकाला गेली, आणि त्यानंही आपण विचारलं नव्हतं असं लिहून दिलं. चौथ्या महिन्यात मृत्युंजय पडद्यासमोर होता. त्या पट्ट्याकडे येणाऱ्या प्रत्येक विमानाला तो न विचारता सांगू लागला, अजून परवानगी नाही, थांबा, मिळाली की मीच कळवतो. वैमानिक त्याला बोलघेवडा म्हणत.

पुढच्या वर्षी घरी पुन्हा जेवण निघालं. बद्रीनाथ टोपी घालून ओट्यावर बसलेले. बारा वाजता मृत्युंजय त्यांच्या दारात उभा राहिला. ते काठी घेऊन उठले.

"बसा काका. पानं मांडायची हायेत अजून. घंटाभर लागंल."

"मग आलास कशाला?"

"हेच सांगायला."

बोलावणं नाही, हे सांगायला घाटनांदुरात आजवर कोणी आलं नव्हतं. बद्रीनाथांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, आणि भिंतीला टेकून पाय पसरले.