आखूड पान

साउथहॅम्प्टनला आमच्या मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या मैत्रिणीची केळ माझ्या केळीपेक्षा उंच होती, आणि तीन वर्षं मला ते सहन होत नव्हतं. माझं माहेर जळगावकडचं, केळीच्या बागांतलं. ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. केळं सोलण्यापलीकडे तिचा केळीशी संबंध आलेला नव्हता. थंडी सोसणारी ही जात आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून आणली. इथे घड धरला तरी खाण्याजोगा होईलच असं नाही, हे नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. मी ते कानाआड केलं. मला घड हवा होता, आणि तिच्या आधी हवा होता.

दर नोव्हेंबरात मी खोडांभोवती पेंढा भरायचे, वरून कापड गुंडाळायचे, पाऊस आत जाऊ नये म्हणून डोक्यावर बादली पालथी घालायचे. खोड हिवाळ्यात जगलं तरच पुढे फूल येतं. कुजलं की पुन्हा जमिनीपासून सुरुवात. एवढं करून माझी दोन खोडं कुजली, एकच उरलं. तिने पांघरायचा एक जुना ड्युवे गुंडाळला, तोही वेडावाकडा, आणि तिची तिन्ही खोडं जगली. तिच्या भिंतीला दुपारभर ऊन, माझ्याकडे शेजाऱ्याच्या शेडची सावली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा श्रावणात तिने मला बोलावून घेतलं. "ए, हे बघ ना, तिन्हींना नवीन पान एवढंसंच आलंय. काही डिसीज वगैरे नाही ना?"

मी पाहिलं आणि पोटात दुखायला लागलं. केळ निसवायच्या आधी, म्हणजे केळफूल बाहेर पडायच्या आधी, शेवटचं पान असं आखूड येतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला 'निसवणं' हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

"दमलीय ती," मी म्हटलं. "नाहीतरी संडेला तुझ्याकडे सत्यनारायण आहे ना? खुंट कापून चौरंगाला बांध. खालून पिल्लं येतातच परत."

यात खोटं फक्त पहिलं वाक्य होतं. बाकीचं खरं होतं, म्हणून तर तिला पटलं. आठवडाभर मी वरच्या खिडकीतून तिच्या कुंपणावरची पानं बघत होते. शनिवारी दुपारी ती पानं दिसेनाशी झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

रविवारी पूजेला गेले, तर चौरंगाच्या तीन कोपऱ्यांना तिचे खुंट आणि चौथ्याला वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा.

"अगं, कापल्यावर आत फूल दिसलं," ती हळूच म्हणाली. "आय वॉज सो अपसेट! पण बाहेरून तुला तरी कसं कळणार? चौथा खुंट तुझ्याकडे मागायला निघालेच होते. मग म्हटलं, नको. तुझ्याही केळीच्या आत फूल असलं तर? एवढी जपतेस तू."

माझ्या केळीची पानं अजून लांबच येत होती. आत काहीही नव्हतं. तिने द्रोणात शिरा वाढला, मला जरा जास्तच. त्या दिवशी मला तिच्या मनाचाही हेवा वाटला, आणि तरीही मी तिला खरं सांगितलं नाही.