आबांनी वाटेवर टँकर ओतला

"दाबू नको भो, दाबू नको, खाले चालनी ती," बांधावरून आबा ओरडत होते.

मी ॲक्सिलेटर सोडला, पण उशीर झाला होता. आमची बोअर मारणारी गाडी, म्हणजे दहा चाकं आणि पाठीवर आडवा झोपवलेला लोखंडी मनोरा, काळ्या मातीत मागच्या आसापर्यंत गेली होती. चाकांनी उडवलेला चिखल निंबावर बसलेल्या कावळ्याला लागला. कावळा पडला नाही, पण फांदी वाकली, हे मी शपथेवर सांगतो.

मे महिना होता. पारोळ्याकडे त्या दिवसांत माणसाची थुंकी जमिनीवर पडायच्या आधी वाळते. मग हा चिखल आला कुठून?

"आबा, वाटेवर पाणी कोणी सोडलं?"

"मी."

"का पण?"

"तुम्ही येनार व्हतात. धूळ उडाले नको म्हनीसन."

आबांची विहीर आटली होती. मागे लिंबाची तीनशे झाडं उभी होती, पानं वळून विड्यांसारखी झालेली. झाडं कशीबशी टँकरवर जगत होती. त्यातला त्या दिवशीचा टँकर आबांनी आमच्या स्वागतासाठी वाटेवर ओतला होता. चार दिवसांत पाणी लागलं नाही तर बाग सरपणाला जाणार, हे आबांनीच मला सकाळी फोनवर सांगितलं होतं.

"झाडेसले तांब्या तांब्या पानी, आनि वाटले टँकर," अक्का, म्हणजे आबांची बायको, चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "जसा काही जवाईच येनार व्हता."

आम्ही कामाला लागलो. आधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चाकांखाली घातल्या. टायरला पकड मिळावी म्हणून हे करतात. टायरने दोन बैलगाड्या पऱ्हाटी खाल्ली आणि मागून भुसा काढून दिला. मग ट्रॅक्टर जोडला. ट्रॅक्टरने जोर लावला, पुढची चाकं उचलली, बैठक मारली आणि आमच्या शेजारी फसला. त्याला ओढायला दुसरा आला. तोही फसला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आबांच्या शेतात गाड्यांचं प्रदर्शन लागलंय.

धुळ्याहून गाडीच्या मालकाचा, आमच्या शेठचा फोन.

"निघाली का?"

"अजून खाली जातेय."

"उद्या जामनेरचं काम आहे."

"जामनेरवाल्यांना सांगा, वाटेवर पाणी मारू नका."

शेवटचा उपाय राहिला. बोअरच्या गाडीला चार हायड्रॉलिक पाय असतात. ते जमिनीला टेकवून गाडी सरळ करतात, म्हणजे भोक वाकडं जात नाही. पायांवर गाडी उचलावी आणि चाकांखाली फळ्या घालाव्यात, असा माझा बेत. मी पाय सोडले. ते जात राहिले. मला वाटलं, आता अमेरिकेतलं कोणी तरी खालून ओरडणार. शेवटी मुरूम लागला आणि ते थांबले. गाडी सरळ झाली, चाकं मात्र चिखलातून सुटेनात. लेव्हलच्या बाटलीतला बुडबुडा अगदी मधोमध. एवढी सरळ गाडी मी सिमेंटच्या ओट्यावरही कधी लावली नव्हती.

आबांनी वाकून बुडबुडा बघितला.

"गाडी निंघत नही ना?"

"नाही."

"मंग आठेच बोअर मार."

आता अडचण नानांची होती. नाना म्हणजे गावचे पाणाडे, तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारे. त्यांनी चुन्याची फुली मारली होती ती तिथून साठ पावलांवर. नाना रागावले नाहीत. त्यांनी नारळ घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मनोऱ्याखाली येताच नारळ उभा राहिला. ताठ.

"पानी सरकी गयं," नाना म्हणाले.

भोकात हवा मारून धूळ बाहेर काढणारी कॉम्प्रेसरची दुसरी गाडी मागे मुरमावर उभी होती, तिचा पाइप पोचत होता. मी मनोरा उभा केला. रॉड वीस फुटांचा असतो. दहा रॉड गेले, नुसती काळी धूळ. आबा बागेकडे तोंड करून बसले. अकरावा, बारावा. अक्कांनी चहाचे कप गोळा केले, तेव्हा मला खरी भीती वाटली. तेराव्या रॉडला धूळ ओली झाली आणि मग भोकातून जे पाणी उसळलं, त्याने तो कावळा धुऊन निघाला.

आबा चिखलात बसून रडले. नाना हार घालून घ्यायला पुढे आले. आमच्या गाडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी केबिनचं दार उघडलं तर शेत आत आलं.

शेठचा फोन. "कुठं आहेस?"

"आबांच्या शेतात."

"अजून चिखलात?"

"नाही, आता पाण्यात."

तिसऱ्या दिवशी जेसीबीने उतार खणून गाडी काढली. तोवर कॉम्प्रेसरने उडवलेलं पाणी बागेला दोनदा पोचलं होतं आणि अक्कांच्या हातची वरण-बट्टी खाऊन माझं वजन गाडीएवढं झालं होतं. एक धडा मात्र घेतला: शेतात चाक घालण्याआधी मी चपला काढून ती वाट चालून बघतो.

पुढच्या उन्हाळ्यात आबांच्याच शेजाऱ्याचं काम आलं. मी गाडी रस्त्यावर ठेवली, चपला काढल्या आणि चौथ्या पावलाला गुडघाभर आत गेलो. शेजारी पाइप धरून वाट भिजवत उभा होता.

"भाऊ, हे काय? मागच्या वर्षी बघितलंस ना, गाडी कशी फसली?"

"देखं ना," तो पाइप न हलवता म्हणाला. "जठे गाडी फसस, तठेच पानी लागस."