अंड्यातून निघालेला चिकू

केदार सावे गेली बावीस वर्षं बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, बाटल्या हलवतो. बाटली हलवायची, रंग बघायचा, वहीत लिहायचं. पहिली पाळी संपवून तो कंपनीच्या बसने चिंचणीला उतरतो, तेव्हा ही सवयही त्याच्याबरोबर उतरते. घरातल्या मिठाच्या बरणीवर उघडल्याची तारीख असते. लोणच्यावर तारीख आणि वेळ. त्याची बायको चारुता सांगते, की लग्नात मंगळसूत्राच्या डबीवरसुद्धा ‘नमुना क्र. १’ अशी चिठ्ठी होती, आणि नमुना क्र. २ कुठे आहे हे विचारायचं तिने अजून टाळलं आहे.

गेल्या श्रावणात याच घरातली मंदाआत्या वाडीत घसरून पडली. आत्या म्हणजे केदारच्या वडिलांची बहीण, वय बहात्तर. तिने लग्न केलं नाही, चिकूची वाडी केली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी केदारला बाजूला घेऊन सांगितलं, “रोज खुर्चीत बसवा, वॉकर धरून चालवा. महिन्याभरात चालल्या नाहीत, तर मग कायमचा पलंगच.” हे बाजूला घेणं आत्याला पडद्याआडून नीट ऐकू आलं. ती घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

“मला नाय कुठं जायाचं,” ती भिंतीला म्हणाली.

केदारने उपाय काढला. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर शेतीचा एक परदेशी खेळ होता. झाडं लावायची, पाणी घालायचं, फळं तोडायची. आत्याला उचलून खुर्चीत बसवलं आणि हातात माउस दिला. पहिल्या दिवशी ती तासभर बसली, तिसऱ्या दिवशी दोन तास. चौथ्या दिवशी तिने माउस खाली ठेवला.

“सगळी सफरचंदं. मी काय काश्मीरची हाय? चिकू लाव याच्यात, मग बसते.”

“आत्या, या खेळात चिकू नाही. बनवणारी कंपनी बंद पडून पंधरा वर्षं झाली.”

“कंपनी बंद पडली म्हणून झाडं लावायची बंद होतात काय?” आणि आत्या पुन्हा भिंतीकडे वळली.

केदारने खेळाचं फोल्डर उघडलं. आत प्रत्येक वस्तूची एक फाईल होती: सफरचंद, गाय, कोंबडी, विहीर, कुंपण. प्रत्येक फाईलमध्ये वर नाव आणि खाली ओळीने तेवीस आकडे. कुठला आकडा कशाचा, याबद्दल कुठेही अक्षर नाही. दुसऱ्या कुणी फाईल बंद केली असती. केदारला तेवीस बिनचिठ्ठीच्या बाटल्या दिसल्या.

त्याने नवी वही काढली. एका वेळी एकच आकडा बदलायचा, खेळ चालू करायचा, काय होतं ते लिहायचं. शेजारी असल्यामुळे ती वही मी पाहिली आहे. त्यातल्या काही नोंदी अशा:

‘गाय. सातवा आकडा २ चा २०. निरीक्षण: गाय दिसत नाही. पाच मिनिटांनी: मागे दिसतो तो डोंगर नसून गाय आहे.’

‘कुंपण. अकरावा ० चा १. निरीक्षण: कुंपणाला सफरचंदं लागली.’

‘विहीर. नववा ० चा ३. निरीक्षण: विहिरीची धार काढता येते. चारुताने हे पाहिले व जेवायला वाढले.’

दहा दिवसांत वीस आकडे उलगडले. उरलेले तीन कितीही बदलले तरी झाडाला, गायीला, विहिरीला काहीच होईना, म्हणून त्यांच्यापुढे केदारने ‘बिनमहत्त्वाचे’ असं लिहिलं. मग सफरचंदाची फाईल घेऊन डेरा दाट केला, फळाचा रंग मातकट केला, बारमाही बहर लावला. डॉक्टरांच्या महिन्यातले अठरा दिवस संपले होते, आणि आत्याच्या खुर्चीवर टॉवेल वाळत होते.

आत्याला आणून बसवलं. तिने एक चिकू तोडला. स्क्रीनवर ‘पिकलेलं फळ’ असं आलं.

“हा झाडावर पिकला?”

“हो.”

“झाडावर पिकलेला चिकू वाघळं खातात. वाघळांसाठी लावलास काय?”

खरं होतं. आमच्याकडे चिकू कडक असताना उतरवतात, धुतात, आणि घरात चार दिवस पेंढ्यात ठेवून पिकवतात. खेळात मात्र फळ तोडलं की लगेच खायचं.

केदार कंपनीच्या बसमध्ये तीन दिवस खिडकीबाहेर बघत विचार करत राहिला. चार दिवस जागच्या जागी पडून राहायचं आणि मग दुसरंच काहीतरी व्हायचं, असं त्या अख्ख्या खेळात कोण करतं? अंडं. अंड्याच्या फाईलमध्ये अठरावा आकडा दिवसांचा होता आणि एकोणिसावा पुढच्या वस्तूचा. केदारने अंड्याची फाईल घेऊन तिचा कडक चिकू केला. अंड्यानंतर येतं पिल्लू, म्हणून पिकलेल्या चिकूसाठी पिल्लाची फाईल घेतली. रंग बदलला, आकार बदलला, तीन बिनमहत्त्वाचे आकडे होते तसे ठेवले.

रविवारी सकाळी आत्या ‘शेवटचं’ म्हणून खुर्चीत बसली. कडक चिकू तोडले, टोपलीत ठेवले. खेळातले चार दिवस आठ मिनिटांत गेले. टोपलीतले चिकू तडकले. आतून पंधरा पिकलेले चिकू ओळीने बाहेर पडले, अंगण ओलांडून विहिरीवर पाणी प्याले, आणि कोंबडीच्या मागे चालू लागले.

चारुता तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. केदारने शांतपणे लिहिलं, ‘एकविसावा म्हणजे पाय. फक्त अंड्यातून निघणाऱ्यांना लागू.’

आत्या हसली नाही. ती स्क्रीनजवळ वाकली.

“केदाऱ्या, तो शेवटचा मागं राहतोय, अजून कच्चा हाय. तो कशाला उतरवू दिलास?”

“कच्चा म्हणजे किती? मला आकडा सांग. किती दिवसांचा, किती वजनाचा?”

“चिकू काय वजन करून उतरवतोस?” आत्याने माउस बाजूला सारला. “वाडीच्या माणसाचा पोर तू. चल.”

“कुठे?”

“वाडीत. इथं बसून काय कळणार तुला.”

तिने वॉकर ओढला. केदार काहीतरी बोलणार होता. परत आलेल्या चारुताने त्याच्या पायावर पाय दिला. मागच्या दारापासून पहिल्या झाडापर्यंत एरवी मिनिटभरही लागत नाही. त्या दिवशी पाव तास लागला. आत्या दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा पालापाचोळा कुणी उचलला नाही म्हणून तिने बोलून घेतलं. झाडाखाली तिने एक हात वॉकरवर ठेवला, दुसऱ्याने खालच्या फांदीचा चिकू धरला आणि नखाने साल खरवडली. आत हिरवं निघालं, चीक आला.

“हा नाय.” शेजारचा खरवडला. पिवळी रेघ, कोरडी. “हा.”

केदार वहीत लिहायला लागला.

“लिहू नको. नख लाव.”

केदारने एक चिकू खरवडला, चष्मा वर करून बघितला. “पिवळा.”

“हिरवा हाय. कंपनीवाले पगार कशाचा देतात तुला?”

आणि आत्याने वॉकर पुढच्या झाडाकडे वळवला.